‘साठी’ हा शब्द महिनाभर वर्गाबाहेर ठेवा

भुदरगड तालुक्यातल्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे: मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. उत्क्रांतीतलं अनुकूलन, म्हणजे परिसरात टिकायला उपयोगी पडणारे गुण पिढ्यांमधून येणं, शिकवून झालं, मुलांनी टिपणं काढली, चाचणीत गुणही बरे पडले. पण ‘जिराफाची मान लांब कशी झाली’ असं तोंडी विचारलं की अजून ‘पाला मिळावा म्हणून त्यानं ताणली’ हेच उत्तर येतं. माणूस आणि माकडाचा विषय निघाला की वर्गात हशा होतो, आणि एका पालकांची नाराजीची चिठ्ठीही आली. तासिका मोजक्या. कुठून सुरुवात करू?

मॅडम, मुलांवर रागावू नका. ती आपलंच वाक्य आपल्याला परत देतायत. ‘बदकाच्या बोटांत पोहण्यासाठी पडदे असतात’, ‘उंटाला वाळवंटात राहण्यासाठी मदार असते’ असं मीही पहिली दहा-अकरा वर्षं शिकवलं, आणि फळ्यावर ‘साठी’खाली रंगीत खडूनं रेघही मारली. मग कोल्हापुरात २००५ चा पूर आला. शाळा पुन्हा भरली तेव्हा भिंतीवरची पाण्याची खूण अजून ओली होती. आठवीच्या तासाला चिखलीकडचा एक मुलगा उभा राहिला. “सर, आमच्या गावात किती वर्सं झाली पाणी येतंय. मग आमच्या पायाला अजून पडदं कसं न्हाईत फुटलं?” वर्ग हसला. मीही हसलो आणि ‘बस खाली’ म्हणालो. संध्याकाळी सायकलवरून घरी जाताना डोक्यात प्रकाश पडला. मी दिलेला नियम पोरानं तंतोतंत लावला होता. गरज होती, पाणी होतं, पिढ्या गेल्या होत्या. नियमच खोटा होता.

तेव्हापासून हा धडा मी निम्मा विज्ञान आणि निम्मा व्याकरण म्हणून शिकवत आलो. वाक्याचा कर्ता कोण, एवढं तपासायचं. ‘जिराफानं मान लांब केली’ या वाक्यात कर्ता एकटा जिराफ आहे आणि तो काहीतरी करतोय. प्रत्यक्षात तो जन्मतो, खातो, त्याला पिल्लं होतात किंवा होत नाहीत, आणि मरतो. त्याची मान जन्मभर तीच. बदलतो तो कळप, तोही पिढ्यांच्या हिशेबात, आणि कळपाला काही करायचं नसतंच.

‘अनुकूलन’ हा शब्द इथं आपला घात करतो. मुलं त्याचं मराठीतलं मराठी करतात ‘जुळवून घेणं’. नवी सून जुळवून घेते, बदलीच्या गावी गेलेला माणूस जुळवून घेतो. जुळवून घेणारा स्वतःला बदलतो. पुस्तकातला शब्द आपण बदलू शकत नाही, पण या शब्दाचा घरगुती अर्थ इथं चालणार नाही हे पहिल्याच दिवशी तोंडानं सांगून टाका. मी तर सुनेचंच उदाहरण देत असे.

मग वर्गाचा नियम. महिनाभर प्राण्याच्या किंवा झाडाच्या अवयवाबद्दल बोलताना ‘साठी’ बंद, ‘मिळावं म्हणून’ बंद. जो बोलेल त्यानं तेच वाक्य दुरुस्त करून द्यायचं. दुरुस्तीचा साचा तीन वाक्यांचा: काहींना ते होतं, काहींना नव्हतं. ज्यांना होतं त्यांची पिल्लं जास्त जगली. पिल्लांना ते आईबापांकडून मिळालं. बस. बदकाचं घ्या. ‘पूर्वीच्या पाणपक्ष्यांत काहींच्या बोटांमधली कातडी जरा जास्त होती, काहींची कमी. जास्तवाल्यांना पाण्यात खाणं जास्त मिळालं आणि त्यांची पिल्लं जास्त वाढली. पिल्लांच्या बोटांतही कातडी जास्त.’ असं सातवीची मुलगी फळ्यापाशी येऊन सांगते तेव्हा निम्मा धडा झालेला असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलं आपल्यालाच पकडायला लागतात. “सर, साठी म्हणाला!” पकडू द्या. मी मुद्दाम दोन-तीनदा चुकायचो, पण खरं सांगायचं तर त्यातल्या काही चुका खऱ्याच होत्या.

जाता जाता: जिराफ सोडून द्या. त्याची मान उंच पाल्यामुळे टिकली की नरांच्या मानामानीच्या झुंजीमुळे, यावर जाणकारांत अजून वाद आहे. शिवाय तो आपल्या मुलांनी फक्त चित्रात पाहिलेला. दारात म्हैस बांधलेली असताना आफ्रिकेत कशाला जायचं?

पहिल्या दोन तासिका नुसत्या वेगळेपणावर घाला. आपण हा भाग एका वाक्यात उरकतो आणि तिथंच सगळं फसतं, कारण मुलांच्या मनात ‘म्हैस’ म्हणजे एकच म्हैस असते आणि ‘चिमणी’ म्हणजे एकच चिमणी. सगळे सारखेच असतील तर निवडायचं काय? घरी जनावरं असलेल्या मुलाला उभं करा आणि विचारा, पाणंदीतून पंचवीस म्हशी येत असताना तुझी कशी ओळखतोस? तो शिंगाचा बाक सांगेल, शेपटीचा गोंडा, कपाळ, चाल, कोणती मारकी, कोणती भित्री हेही सांगेल. मग प्रत्येकाला भुईमुगाच्या दहा शेंगा द्या, मिलिमीटरमध्ये लांबी मोजायला लावा आणि फळ्यावर फुल्या मांडा. मधे उंच आणि दोन्ही अंगांना उतार असा डोंगर उभा राहतो. शेंगा नंतर कुठं जातात ते विचारू नका.

यात माझी एक चूक झाली होती, ती तुम्ही करू नका. एका वर्षी शेंगा मिळाल्या नाहीत म्हणून मी आवारातल्या करंजाची पानं मोजायला लावली. लहान-मोठी भरपूर पानं निघाली, डोंगर छान उभा राहिला, आणि मुलांनी ‘मोठं पान आनुवंशिक’ असं वहीत लिहून टाकलं. एकाच झाडाची सगळी पानं. आनुवंशिक माल सगळ्यांचा एकच. फरक पडला होता तो ऊन-सावलीचा आणि पानाच्या वयाचा. आता मी पानं मोजायला लावतो ती याच कारणानं, शेंगांच्या नंतर. वेगळेपण दिसलं म्हणजे ते पुढच्या पिढीत जाईलच असं नाही, हे मुलांना असं चुकल्यावरच कळतं.

इथून आनुवंशिकतेकडे वळायचं, आणि इथं कोल्हापूर आपल्या मदतीला येतं. तालमीतल्या जुन्या पैलवानाचे कान सगळ्यांनी पाहिलेले असतात. वर्षानुवर्षं लढतीत घासून, दबून मोडलेले, गोळा झालेले. वर्गात विचारा: पैलवानाला पोरगं झालं, तर त्याचे कान जन्मताना कसे? सगळा वर्ग एका सुरात ‘साधे!’ म्हणतो. मग बाप, आजा, पणजा तिघांनी माती अंगाला लावली असली तर? तरी साधेच. मुलींना विचारा, तुमच्याकडे किती पिढ्या कान टोचतात, आणि भोकं घेऊन कुणी जन्मलं का? जिराफाच्या ताणलेल्या मानेचं काय करायचं ते आता मुलंच सांगतात. ज्यांना शास्त्रज्ञाचं नाव हवं असतं त्यांना ऑगस्ट वाइझमनची गोष्ट सांगा. त्यानं १८८० च्या दशकात उंदरांच्या शेपट्या पिढ्यामागून पिढ्या कापल्या. पहिल्या पाच पिढ्यांत नऊशेच्या वर पिल्लं जन्मली, आणि सगळी पूर्ण शेपटीची.

एक प्रश्न हमखास येईल, त्याची तयारी ठेवा. “मग सर, पैलवानाचं पोरगं पैलवानच का होतंय?” हा त्या पुराच्या प्रश्नाइतकाच मोलाचा आहे. उत्तर एका शब्दात देऊ नका. त्याला लहानपणापासून दूध-तूप-बदामाचा खुराक मिळतो, पहाटे चारला उठवणारा घरातच असतो, डाव शिकवणारा घरातच असतो. हे सगळं जनुकांतून येत नाही. पण उंची, हाडापेराची ठेवण यांत आईबापांचा वाटा असतो. म्हणजे दोन्ही. पोराला तालमीऐवजी पुण्याला मामाकडे पाठवलं असतं तर काय काय उरलं असतं, असं उलट विचारलं की वर्गात चांगलं भांडण लागतं.

म्हशीवर मी पूर्ण एक तासिका घालवतो. आपल्याकडची पंढरपुरी म्हैस, तलवारीसारखी लांब शिंगं मागं गेलेली. फळ्यावर दोन रकाने करायचे, ‘जन्मानं आलेलं’ आणि ‘नंतर मिळालेलं’, आणि मुलांनी सांगायचं. शिंगाची लांबी डावीकडे. दिवाळी पाडव्याला शिंगांना लावलेला रंग उजवीकडे. मालकाच्या मोटारसायकलमागं पळायची सवय उजवीकडे. कातडीचा काळा रंग डावीकडे. मग हळूच विचारायचं, दूध? गवळ्याचं पोर म्हणतं पेंड आणि हिरवा चारा, दुसरा म्हणतो जातच तशी. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर ग्लास हातात घेऊन मोठी माणसंही यावर वाद घालतील. दूध हे दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहायचं, आणि एकदा ते तिथं लिहिलं की उंची, वजन, अभ्यासातली हुशारी हे सगळं मुलं आपणहून त्याच रेघेवर आणून बसवतात.

आता एक इशारा. जीभ वळवणं, कानाची पाळी चिकटलेली की मोकळी, असे खेळ जुन्या मार्गदर्शिकांत असतात आणि ‘हे एका जनुकावर ठरतं’ असं तिथं छापलेलं असतं. तसं नाही. एकसारख्या जुळ्यांतही एकाची जीभ वळते आणि दुसऱ्याची वळत नाही, हे १९५० च्या दशकातच दाखवून झालं आहे. मी हा खेळ एकदा गृहपाठ म्हणून दिला होता, ‘आई, वडील, आजी, आजोबा यांच्या कानाच्या पाळ्या पाहून तक्ता करा’. दुसऱ्या दिवशी एक मुलगी मधल्या सुट्टीत रडत आली. तिच्या तक्त्याचं पुस्तकाशी जमत नव्हतं आणि शेजारच्या बाकावरच्यानं ‘मग तू त्यांची नाहीसच’ असं म्हटलं होतं. वर्गात दत्तक मूल असतं, वडील नसलेलं असतं, आजीकडे वाढणारं असतं. माणसांचा वंशवृक्ष गृहपाठाला देऊ नये, या मताला मी तेव्हापासून चिकटून आहे. तक्ते करायचेच तर कोंबड्यांचे करा, नाहीतर गुलबक्षीचे.

गुलबक्षी हे या धड्याचं आपल्या दारातलं झाड. लाल आणि पांढऱ्या फुलांच्या झाडांचा संकर केला की गुलाबी येतं, आणि गुलाबीचा गुलाबीशी संकर झाला तर पुढच्या पिढीत लाल, गुलाबी, पांढरं साधारण एकास दोनास एक. रंग डोळ्यांना दिसतो, तक्त्याची गरज उरत नाही. फूल दुपारी चार-पाचला उमलतं, शाळा सुटायच्या वेळेला. त्याच दिवशी उमलणारी कळी हलक्या हातानं उघडायची, चिमट्यानं पाचही पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग कुंचल्यानं लावायचे आणि वर कागदाची पिशवी बांधायची. एका फुलातून एकच काळी बी मिळते, म्हणून निदान तीस-चाळीस फुलांवर हे करावं लागतं. सातवीनं संकर करायचा आणि आठवीत गेल्यावर फुलं पाहायची. दारातल्या झाडांचे वंश शुद्ध नसतात, त्यामुळे मधेच पिवळं किंवा ठिपक्यांचं फूल येऊन हिशेब बिघडवतं. ते तक्त्यात तसंच लिहायला लावा. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलनं आठेक वर्षं वाटाण्याची हजारो झाडं मोजली ती याचसाठी की थोड्या झाडांत प्रमाण दिसत नाही. त्याच्या आकड्यात ५४७४ गोल बिया आणि १८५० सुरकुतलेल्या. मुलांना भागाकार करू द्या. बरोबर तीन येत नाही आणि ते बरोबर तीन न येणं त्यांना फार आवडतं. (वर मी ‘याचसाठी’ लिहिलं. माणसानं हेतूनं केलेल्या कामाला हा शब्द चालतो. हाही फरक वर्गात निघेलच.)

आता निसर्गाची निवड, म्हणजे कोण टिकतं आणि कुणाची पिल्लं वाढतात ते. यासाठी माझं सगळ्यात आवडतं उदाहरण शेतातलं आहे. कोबी-फ्लॉवर लावणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल, “पहिल्यासारखं औषध लागू पडत न्हाई, अळीला सवय झालीया.” मुलांनी हे वाक्य घरी शंभरदा ऐकलेलं असतं. ते फळ्यावर लिहा आणि कर्ता शोधायला सांगा. सवय कुणाला झाली? औषधाच्या फवाऱ्यात सापडलेली अळी तर मेली, तिला सवय व्हायला वेळ कुठं मिळाला? सवय तंबाखूची होते, एकाच माणसाला, हळूहळू. इथं झालं ते असं: हजार अळ्यांत दोन-चार अशा होत्या की त्यांच्यावर औषधाचा परिणाम कमी. फवारणीआधीपासून होत्या. बाकीच्या मेल्या, या उरल्या, यांचे पतंग झाले आणि यांनीच अंडी घातली. पुढच्या खेपेला हजारात दोन-चारच्या जागी दोन-चारशे. एकही अळी बदललेली नाही, आणि शेत मात्र बदललेलं आहे. कोबीवरचा हा चौकोनी ठिपक्यांचा पतंग यासाठी जगभर बदनाम आहे. जावा बेटावर १९५० च्या दशकातच तो डीडीटी या कीटकनाशकाला दाद देईनासा झाला होता.

‘फवारणीआधीपासून होत्या’ हे मुलांना पटत नाही. त्यांना वाटतं औषधानंच त्या तयार केल्या. तुम्हालाही कुणी विचारलं तर लेडरबर्ग या शास्त्रज्ञ दांपत्याचा १९५२ चा प्रयोग सांगता येईल. एका बशीत जिवाणूंचे ठिपके वाढवले. मखमलीचा गोल ठोकळा त्यावर दाबून, त्याच ठोकळ्याचा छाप औषध घातलेल्या दोन-तीन बशांवर उठवला. प्रत्येक बशीत वाचलेले ठिपके नेमक्या त्याच जागी. औषधानं तयार केले असते तर प्रत्येक बशीत वेगळ्या जागी निघायला हवे होते. मी हे शाईच्या पॅडवर बटाट्याचा ठसा मारून दाखवतो. आठवीला कळतं, सातवीला निम्म्यांना.

याचं एक अंग घराच्या औषधपेटीतही आहे. डॉक्टरांनी दिलेलं प्रतिजैविक दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडून द्यायचं, उरलेल्या गोळ्या पुढच्या तापाला वापरायच्या, हे आपल्याकडे सर्रास चालतं. औषधाचा वापर जितका बेफिकीर, तितकी दाद न देणाऱ्या जिवाणूंची चंगळ. ज्या पालकांनी तुम्हाला चिठ्ठी पाठवली त्यांच्याशी बोलायचं झालं तर कोबी आणि गोळ्या, एवढ्यावरच बोला. मी बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात करायचो, आणि शेती करणारा माणूस दहा मिनिटांत मलाच चार उदाहरणं सांगायचा.

मैदानावरचा खेळ एका तासिकेत होतो. लोकरीचे बोटभर तुकडे, हिरवे, तपकिरी, पिवळे, लाल, प्रत्येकी २५. पावसाळ्यानंतरच्या गवतात विखरून टाकायचे. मुलं साळुंक्या. एका वेळी एकच ‘अळी’ उचलायची, डब्यात टाकायची, परत यायचं. ७५ गोळा झाल्या की शिट्टी. गवतात उरलेल्या २५ पैकी प्रत्येकीला तिच्याच रंगाची तीन पिल्लं. समजा हिरव्या १२ उरल्या, तपकिरी ८, पिवळ्या ३, लाल २. तर पुढची पिढी ४८, ३२, १२, ८. पुन्हा शंभर. तीन फेऱ्या करा. मग एक फेरी आवारातल्या तांबड्या मुरमावर करा, आणि निकाल उलटा होऊ लागला की ‘चांगला रंग कोणता’ असं विचारा. हा प्रश्न विसरू नका. खेळ संपल्यावर ‘लाल अळ्या हिरव्या झाल्या’ असं कुणीतरी म्हणेलच. त्याच्या हातात एक लाल तुकडा द्या आणि ‘कर हिरवा’ म्हणा.

चिमटा, सांडशी, चमचा घेऊन चोचींचा खेळही करतात. उडीद, वाटाणे, चिंचोके उचलायचे. चांगला आहे, फक्त मधेच कुणालाही हत्यार बदलू देऊ नका. हुशार मुलगा चिंचोके पाहून पटकन सांडशी घेतो, आणि आपण महिनाभर ज्याच्याशी झगडलो तीच चूक खेळातून शिकवून बसतो.

चोचींचा खेळ झाला की खरी गोष्ट सांगायची वेळ. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांतल्या डॅफ्नी मेजर नावाच्या छोट्याशा बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य १९७३ पासून फिंच पक्षी मोजत होतं. एकेक पक्षी पकडून चोच मोजायची, पायात कडी घालायची, सोडायचा. १९७७ मध्ये पाऊस पडला नाही. बारीक बिया संपल्या, उरल्या त्या मोठ्या, टणक, काटेरी. त्यांतली एक आपल्या सराट्याची सख्खी भाऊबंद. सायकल पंक्चर करणारा तोच सराटा, वंश तोच, जात वेगळी. ती फोडायची ताकद जाड चोचीत होती. बहुतेक पक्षी मेले, वाचलेल्यांत जाड चोचीवाले जास्त, आणि पुढच्या पिढीची चोच सरासरी अर्धा मिलिमीटरभर जाड निघाली. अर्धा मिलिमीटर म्हणजे किती, ते पट्टीवर दाखवा. मुलं निराश होतात, ‘एवढंच?’ म्हणतात. होय, एवढंच, आणि तेवढ्यावर जगणं-मरणं ठरलं. मग १९८३ मध्ये बेटावर धो धो पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ झाला आणि वारं उलटं फिरलं. आता लहान चोचीवाले पुढे. उत्क्रांती म्हणजे वरवर चढत जाणारी शिडी, ही समजूत घालवायला मला याहून सोपं काही सापडलेलं नाही.

‘बळी तो कान पिळी’ ही म्हण मात्र या शहरात फार रुजलेली आहे. ‘जो सक्षम तो टिकतो’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे खासबागेतला मल्ल किंवा टकरीतला रेडा उभा राहतो. मी त्यांना हिशेब घालतो. एक गडी आखाड्यात कधी हरला नाही, पण जन्मभर ब्रह्मचारी राहिला. दुसरा काडीपहिलवान, सर्दीनं हैराण, पण घरात चार पोरं. निसर्गाच्या वहीत कुणाच्या नावावर किती? वर्ग खो खो हसतो, आणि ‘सक्षम’चा अर्थ पिल्लांच्या मोजणीत आहे हे पुन्हा सांगावं लागत नाही. दडून बसणारा, कमी खाणारा, काटे असलेला, वेळेवर फुलणारा, हे सगळे ‘सक्षम’ असू शकतात.

माकडाचा प्रश्न शेवटच्या आठवड्यापर्यंत येऊ देऊ नका. आला तर ‘सातबारा आणा’ म्हणा. गंमत म्हणून नाही. गावाकडच्या मुलांना वारसनोंद कळते. पणजोबाच्या नावची जमीन, त्याला चार मुलं, त्यांच्या वाटण्या, आज चौदा घरं. तुझा चुलतभाऊ हा तुझा पणजोबा आहे का? नाही. पण दोघांचा पणजोबा एक आहे. गगनबावड्याच्या घाटातलं वानर आज जिवंत आहे, म्हणजे ते आपल्या पिढीचं आहे, आपला पूर्वज असूच शकत नाही. ते दूरचं भाऊबंद. चिंपांझी जवळचा, आणि त्याची-आपली वाटणी साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीची. ‘मग माकडं अजून का आहेत’ हा प्रश्न ‘तुझे चुलते अजून का आहेत’ इतकाच उरतो. एखादं मूल दशावतार काढेल: मासा, कासव, वराह, नरसिंह. त्याचं कौतुक करा, पण त्या पुलावरून धडा पलीकडे नेऊ नका. पुष्कळ शिक्षक नेतात, पालकही खूश होतात, आणि एकामागून एक पायरी चढत माणसापर्यंत पोचायचं ही शिडी पुन्हा मुलाच्या डोक्यात जाऊन बसते. कथेचा मान कथेला, एवढं म्हणून पुढं जावं.

काळासाठी एक दोरी पुरते. पृथ्वीचं वय ४६० कोटी वर्षं धरून ४६ मीटर दोरी मैदानात पसरा, एक मीटर म्हणजे दहा कोटी. शेवटच्या टोकापासून ६६ सेंटीमीटरवर खूण करा: आपल्या सह्याद्रीचा काळा दगड ज्या लाव्हापासून झाला तो तेव्हा वाहत होता, आणि डायनोसॉर संपले तेही त्याच सुमाराला. आपल्या जातीच्या माणसाची तीन लाख वर्षं म्हणजे टोकाचे तीन मिलिमीटर. याच्यावर भाषण देऊ नका, मुलांना दोरीच्या कडेनं चालू द्या.

परीक्षेचं काय, असं तुम्ही विचारलेलं नाही पण मनात असणार. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत उत्तर लिहिल्यावरच गुण मिळतात, आणि त्या भाषेत ‘साठी’ असतं. मी मुलांना सरळ सांगायचो की पेपरात पुस्तकातलं वाक्य लिहा आणि खाली आपली तीन वाक्यं जोडा. कुणाचे गुण गेले नाहीत. माझ्या स्वतःच्या चाचणीत मात्र व्याख्या नसायच्या. पाच चुकीची वाक्यं द्यायचो, ‘थंडी लागू लागली म्हणून याकच्या अंगावर केस वाढले’ अशा धाटणीची, आणि कर्ता दुरुस्त करायला सांगायचो. दहावीला विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे, तेव्हा तुमच्याकडे पुरेसा वेळ आहे. २०२३ मध्ये केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला गेला; तिथं शिकणारी तुमच्या ओळखीतली मुलं असतील तर त्यांनाही मैदानावरच्या खेळाला बोलवा.

तासिका कमी पडल्या तर दोरी गाळा, चोचींचा खेळ गाळा, फिंचची गोष्ट पाच मिनिटांत सांगा. शेंगा, पैलवानाचे कान आणि कोबीची अळी गाळू नका.

आणि गुलबक्षी लावणार असाल तर जूनच्या पहिल्या पावसात लावा, म्हणजे गणपतीच्या आगेमागे फुलं मिळतील आणि दिवाळीच्या सुट्टीआधी बिया पिकतील. काळी बी पिकली की खाली गळून पडते, म्हणून रोज वेचायची पाळी लावून ठेवा. ताटव्याभोवती दोरी बांधून मोठ्या अक्षरांत पाटीही लावा. आमच्या पहिल्या वर्षीच्या अडतीस कागदी पिशव्या स्वच्छता मोहिमेच्या दिवशी कचरा म्हणून झाडांसकट उपटल्या गेल्या होत्या, आणि उपटणारे आमच्याच सहावीचे उत्साही विद्यार्थी होते.